गावाचे पुरुमेंत

वैशाख सरत आला की गोव्यातील आमच्या घराघरांत एक निराळीच लगबग सुरू होते. म्हापशास मिलाग्रिस सायबिणीचे फेस्त आणि मडगावास पवित्र आत्म्याचे फेस्त. दोन्हीकडे भाविक जितके प्रार्थनेस जातात तितकेच खरेदीस जातात, हे आम्ही पाद्री लोक जाणून असतो आणि त्याबद्दल रागावत नाही. सुकी मासळी, मिरच्या, चिंच, आमसुले, मीठ, कडधान्ये असे सारे पावसाच्या चार महिन्यांपुरते आणून, उन्हे दाखवून, बरण्यांत आणि मडक्यांत भरून ठेवावयाचे. यालाच आपण पुरुमेंत म्हणतो. शब्द पोर्तुगीज, पण त्यामागील शहाणपण आपल्या आयाबहिणींचे आहे. पाऊस येणार, वाटा बंद होणार, होड्या किनाऱ्यावर चढणार, हे त्यांना ठाऊक असते. म्हणून विहिरीवर ढग येण्यापूर्वीच कोठार भरलेले असते.

असे असता घराचे पुरुमेंत न चुकता करणारे आपण गावाचे पुरुमेंत मात्र विसरून गेलो आहोत, हे खेदाने म्हणावे लागते. आज त्याविषयीच चार शब्द लिहिण्याचे योजिले आहे.

बेळगाव, खानापूरकडील आमच्या वाचकांस खाजन म्हणजे काय हे कदाचित ठाऊक नसेल. त्यांच्याच खानापूर तालुक्यात उगम पावलेली म्हादई पुढे मांडवी होऊन समुद्रास मिळते. ती आणि जुवारी, साळ, शापोरा या नद्या मुखाजवळ सपाट प्रदेशात इतक्या संथ होतात की भरतीचे खारे पाणी त्यांच्यातून कित्येक मैल आत शिरते. या खारवट दलदलीस चिखलमातीचे, पेंढ्याचे आणि चिऱ्यांचे बांध घालून आपल्या पूर्वजांनी भातशेतीची जमीन निर्माण केली, तीच खाजन. गोव्यात अशी जमीन सुमारे १८,००० हेक्टर असल्याचे सांगतात. दिवाडी, चोडण, सांत इस्तेव या बेटांवर किंवा कुडतरी, राय या भागांत ज्यांनी पाऊल ठेवले आहे त्यांनी ती पाहिलीच आहे. पावसाने मातीतील मीठ धुऊन जाते आणि मग कोरगूट, आझगो यांसारखी खारेपण सोसणारी भाताची जात तेथे पिकते. जुने गोवे येथील कृषी संशोधन संस्थेने ‘गोवा धान १’ आणि ‘गोवा धान २’ हे वाण याच कोरगुटातून निवडून तयार केले आहेत.

या साऱ्या रचनेचे हृदय म्हणजे मानस. बांधातील या दाराच्या लाकडी फळ्या अशा बसविलेल्या असतात की भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबानेच दार मिटते आणि ओहोटी लागली की आतले पाणी त्याला ढकलून आपली वाट काढते. यंत्र नाही, वीज नाही. दाराच्या तोंडाशी जाळे लावून मासे आणि कोळंबी धरण्याचा हक्क लिलावाने, म्हणजे आपल्या भाषेत पावणीने दिला जातो, आणि त्या पैशांतून बांधाची डागडुजी व्हावी अशी जुनी रीत आहे. नदी नासधूसही करते आणि तिच्या निवारणाचा खर्चही तीच देते! याहून सुबक ग्रामयोजना आम्ही तरी कोठे पाहिली नाही.

ही योजना चालविणारी संस्था म्हणजे गावकरी, पुढे जिला कोमुनिदाद म्हणू लागले. पोर्तुगीज येथे आले तेव्हा ती इतकी रुजलेली होती की १५२६ साली आफोंसु मेशिया या अधिकाऱ्याने तिचे रीतिरिवाज ‘फोराल’ नावाच्या सनदेत लिहून घेतले. नवे मोडू न शकलेले असे ते जुने होते. बांध फुटला तर कोणी धावावयाचे, खर्च कोणी सोसावयाचा, हे ठरलेले असे. त्यासाठी बैठक बोलवावी लागत नसे.

पुढे १९६४ चा कूळ कायदा आला आणि १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने कूळ हे कसत्या जमिनीचे मालक ठरले. कसणाऱ्यास जमीन मिळणे न्यायाचेच होते. त्याविरुद्ध आम्ही एक अक्षरही लिहिणार नाही. कोमुनिदादीत सर्वांस सारखा मान होता असेही नव्हे. तथापि शेत वाटले गेले, पण बांध वाटता येत नाही, ही गोष्ट मागे पडली. बांधांची आणि मानशींची जबाबदारी कुळांच्या संघांकडे आली व त्यांवर देखरेख मामलेदारांची राहिली. काही संघ उत्तम चालतात. काहींची सभा वर्षानुवर्षे होत नाही आणि पावणीची रक्कम कोठे जाते हे सभासदांनाही सांगता येत नाही. कोमुनिदाद संघाकडे बोट दाखविते, संघ पंचायतीकडे, पंचायत मामलेदारांकडे. खेकडा मात्र कोणाकडे बोट न दाखविता बांधात बीळ पाडीत असतो.

आता या जुन्या दुखण्यावर नवे संकट आले आहे. जगभरच्या शास्त्रज्ञांनी संयुक्त राष्ट्रांच्या वतीने केलेल्या पाहणीनुसार १९०१ ते २०१८ या काळात समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ एक वीत, वाढली. आणि २००६ ते २०१८ या वर्षांत ती दर साल सुमारे ३.७ मिलिमीटर वेगाने वाढत होती. एक वीत ऐकून कोणी हसेल. पण ज्याचा बांध उधाणाच्या भरतीपेक्षा वीतभरच उंच होता, त्याला हसू येणार नाही.

गेल्या आषाढात एका आजारी भगिनीस पवित्र सांक्रामेंत देऊन परतताना तिचे वृद्ध दीर आम्हांस मानशीवर घेऊन गेले. ते म्हणाले, “फादर, आमच्या तरुणपणी ओहोटीला दार उघडले की आतले पाणी सावकाश सारे जाई. आता दार उघडते न उघडते तोच भरती फिरते.” त्यांनी तत्त्वच सांगितले होते. बाहेरची पातळी जितकी चढेल तितका दार उघडे राहण्याचा अवधी कमी होईल. तशात पाऊसही आता पूर्वीसारखा दिवसांवर पसरून न येता कित्येकदा एकदम कोसळतो. तो नेमका भरतीच्या वेळी कोसळला तर मिटलेल्या दाराआड शेत गोड्या पाण्यानेच बुडते. सत्याला धरून हेही सांगितले पाहिजे की त्या मानशीची एक फळी कुजलेली होती आणि तिच्याकडे येणारा ओहोळ गाळाने अर्धा भरला होता. समुद्रावर सारा दोष ढकलणे सोपे आहे. फळी बदलण्यास समुद्राची परवानगी लागत नाही.

मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा झाडे आणि विजेचे खांब किती कोसळले ते आपण पाहिले. त्याच वर्षी जुलैत म्हादईच्या पुराने सत्तरी आणि डिचोलीतील घरे पाण्याखाली गेली. अशा वेळी बांध फुटून खारे पाणी आत आले तर त्या वर्षीचे पीक जाते एवढेच नव्हे. माती गोडी व्हावयास पुढचे पावसाळे जावे लागतात. तोवर शेत पडीक राहते. पडीक शेतात तिवरे उगवतात, आणि ती एकदा वाढली की कायद्याने तोडता येत नाहीत. शेतकरी आपल्याच शेताच्या कडेला परका होऊन उभा राहतो. बांधाच्या बाहेरची तिवरे लाटांचा मार सोसणारी आपली ढाल आहेत, आत आलेली तीच तिवरे आपल्या आळसाची साक्ष आहेत. मग भराव घालू इच्छिणारे शहरी गृहस्थ गोड बोलत दाराशी येतात. २०११ च्या किनारी नियमन अधिसूचनेत गोव्याच्या खाजनांचा स्वतंत्र उल्लेख करून त्यांस संरक्षण दिले आहे खरे, पण जे शेत कोणी कसतच नाही त्याचे रक्षण केवळ कागद किती काळ करील?

गोवा शासनाने हवामान बदलासंबंधी राज्याचा कृती आराखडा केला आहे. तो असावा हे योग्यच. परंतु पणजीतील आराखड्यास आमच्या गावची कुजलेली फळी कशी दिसावी? ती गावानेच दाखविली पाहिजे, आणि त्यासाठी साधन हाताशी आहे. राज्यघटनेच्या ७३ व्या दुरुस्तीने १९९३ पासून ग्रामपंचायतीस विकासाच्या योजना आखण्याचे स्थान दिले. अकराव्या अनुसूचीतील २९ विषयांत लहान पाटबंधारे, पाण्याचे व्यवस्थापन, मत्स्यव्यवसाय हे सारे येतात. पंचायतीची वार्षिक विकास योजना ग्रामसभेपुढे यावयाची असते. तेथे आपण काय मागतो? रस्त्यास डांबर, चौकात दिवा, मैदानास कुंपण. ही मागणी वाईट नव्हे. पण बांधाचा नकाशा कोणी मागितल्याचे आम्ही अद्याप ऐकले नाही.

तो नकाशा हवा. कोणता बांध किती लांब, कोठे खचला, उधाणाचे पाणी माथ्यापासून किती खाली राहते, हे गावातील मुलांनी वृद्धांसह फिरून एका रविवारी मोजता येईल. डागडुजी भातकापणीनंतर लागलीच सुरू व्हावी. मे महिन्यात निविदा काढून जूनमध्ये चिखलात माती टाकणे म्हणजे पैसा नदीत टाकणे होय. आमच्या मते सरसकट सिमेंटची भिंत हाही उपाय नाही. मातीचा बांध बसतो आणि पुन्हा चढविता येतो, भिंत तळातून पोखरली की एकदम कोसळते. पावणीच्या पैशांचा हिशेब संघाने ग्रामसभेत वाचून दाखवावा. रात्री बांध फुटला तर कोणास उठवावयाचे, कोणत्या घरी एकटी म्हातारी माणसे आहेत, याची यादी पंचायतीत आणि आमच्या पाद्रीघरात, दोन्हीकडे असावी. पाणी चढलेच तर चर्चचे सभागृह सर्व धर्मांच्या शेजाऱ्यांस उघडे आहे. किल्ली कोठे असते हे येथेच सांगून ठेवतो, मिरणीकडे.

जुन्या करारात नहेम्याच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय बहुतेक वाचक कंटाळून सोडून देतात, कारण त्यात नुसती नावेच नावे आहेत. यरुशलेमचा पडका कोट पुन्हा बांधताना कोणी कोणता तुकडा बांधला त्याची ती यादी आहे. सोनार आहेत, अत्तरवाले आहेत, एकाच्या मुलीही आहेत. आणि कित्येकांपुढे लिहिले आहे की त्याने आपल्या घरासमोरचा भाग बांधला. काही थोरांनी मात्र मान वाकविली नाही, तेही लिहून ठेवले आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या पत्रात स्थानिक लोकसमूहांच्या पुढाकारावर इतका भर का दिला, हे ती यादी वाचून आम्हांस अधिक उमगले.

ज्यांची शेते गेली, ज्यांची मुले परदेशी आहेत, तेही विचारतील की बांधाशी आमचा काय संबंध. त्यांच्या विहिरी त्याच बांधाच्या आत आहेत, एवढेच उत्तर पुरेसे आहे. आणि रायच्या चर्चमध्ये ५ ऑगस्टला नव्या कणसांना आशीर्वाद देतात, तशी कणसे आमच्या वेदीवर येतात ती बाजारातून आणावी लागू नयेत, अशी आमचीही थोडी स्वार्थी इच्छा आहे.

ग्रामसभा रविवारी साडेदहास भरते आणि आमची दुसरी मिस्सा दहास संपते. मग गप्पा, मग मासळीबाजार, आणि सभागृहात सरपंच व पाच-सहा माणसे. म्हणून पुढच्या ग्रामसभेच्या रविवारी दुसरी मिस्सा अर्धा तास अलीकडे घेत आहोत. प्रवचनही लहान करू. मासळीवालीस आम्ही सांगून ठेवले आहे; ती दुपारपर्यंत थांबेल.