मागे दोन चाके की चार?

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत शेतकरी गुरे बाजारात नेतो, कंत्राटदार यंत्रे कामावर नेतो आणि हौशी प्रवासी चाकांवरचे घर मागे जोडून देश पाहावयास निघतो. या तिन्ही कामांसाठी जे वाहन वापरतात, त्यास पिकअप म्हणतात. पुढे चालकाची खोली व मागे उघडा हौदा, अशी ही लहान मालमोटार असते. तिच्या मागील आसावर प्रत्येक बाजूस एकच चाक असते. किंवा आपल्याकडील मोठ्या मालमोटारींप्रमाणे दोन चाके शेजारी शेजारी बसविलेली असतात. अशी जोडचाकी पिकअप जनरल मोटर्स कंपनीने १९७३ साली कारखान्यातूनच तयार करून विकावयास आणली. आता प्रश्न असा की, ट्रेलर ओढण्यास या दोहोंपैकी कोणती योग्य?

जोडचाकांमुळे गाडीची ओढण्याची शक्ती वाढते, असा पुष्कळांचा समज असतो. तो बरोबर नाही. फोर्ड कंपनीची एफ-३५० पिकअप दोन्ही प्रकारांत मिळते आणि दोहोंत एकच इंजिन बसविता येते. खरा भेद आहे तो पेलण्याच्या शक्तीत. ट्रेलर आपल्या वजनाचा काही अंश जोडणीच्या ठिकाणी ओढणाऱ्या गाडीवर टाकीत असतो. गाडीच्या मागच्या टोकास अडकविलेल्या साध्या ट्रेलरचा हा अंश शेकडा १० ते १५ असतो. हौद्यात, मागील आसाच्या वर जोडलेल्या मोठ्या ट्रेलरचा अंश शेकडा १५ ते २५ भरतो.

हिशेब मांडला म्हणजे हे स्पष्ट होईल. समजा, हौद्यात जोडावयाच्या ट्रेलरचे वजन १०,००० किलोग्रॅम आहे. त्याचा पाचवा हिस्सा, म्हणजे २,००० किलोग्रॅम, मागील आसावर येईल. रिकाम्या गाडीचे त्या आसावरील वजन १,४०० व माणसे, सामान यांचे ३०० धरले, तर एकूण भार ३,७०० किलोग्रॅम होतो. एकेरी चाकाच्या गाडीस वापरला जाणारा, १२५ भारांकाचा एक टायर १,६५० किलोग्रॅम पेलतो. दोन टायर ३,३०० पेलतात. म्हणजे भार मर्यादेबाहेर गेला. अशा वेळी टायर तापतो आणि भर वेगात फुटण्याचा धोका उद्भवतो. जोडचाकांचे टायर आकाराने लहान असतात. रस्त्याच्या उतारामुळे किंवा हवेच्या कमीअधिक दाबामुळे जोडीतील दोहोंवर भार सारखा पडत नाही. म्हणून एकटा असता १,४५० किलोग्रॅम पेलणारा टायर जोडीत १,३२० चाच धरतात. तरीही चार टायर मिळून ५,२८० किलोग्रॅम पेलतात. मात्र आस व कमानी यांच्याही मर्यादा असतात आणि सर्वांत कमी असलेली मर्यादाच खरी मानावी लागते. अमेरिकेत ती चालकाच्या दाराच्या चौकटीजवळील पट्टीवर छापलेली असते.

जोडचाकांचा दुसरा लाभ स्थैर्याचा. मागील बैठक रुंद झाल्याने आडव्या वाऱ्यात किंवा शेजारून मोठी मालमोटार वेगाने गेली असता गाडी कमी हेलकावते. एक टायर फुटला, तरी त्याचा जोडीदार गाडी सावरून कडेस घेण्याइतका अवसर देतो.

या लाभांची किंमतही द्यावी लागते. एकेरी चाकाच्या गाडीची रुंदी सुमारे दोन मीटर, तर जोडचाकीची २.४ मीटर असते. त्यामुळे अरुंद गल्ल्यांत व वाहनतळावर अडचण होते. चाराऐवजी सहा टायर विकत घ्यावे लागतात. आतील टायरची हवा तपासणे कष्टाचे असते. रिकामी गाडी बर्फावर अथवा चिखलात असता तिचे थोडे वजन चार टायरांवर विभागले जाते, त्यामुळे पकड कमी पडते.

तात्पर्य, इंजिन किती ओढू शकेल एवढेच पाहून गाडी निवडणे पुरेसे नाही. जोडणीवर किती भार पडणार, हे प्रथम काट्यावर तोलून पाहावे. तो एकेरी चाकांच्या मर्यादेत असेल, तर जोडचाकांचा खर्च व्यर्थ होय. मर्यादेबाहेर जात असेल, तर ती काटकसर जिवावर बेतू शकते.