परळचा जिना

मुंबईतली परळ आणि प्रभादेवी ही स्थानके एकमेकांना खेटून उभी आहेत; एक मध्य रेल्वेचे, दुसरे पश्चिम रेल्वेचे. दोन्ही गिरणगावातली. गिरण्या चालू होत्या तेव्हा कामगार बहुतेक आसपासच्या चाळींत राहायचा आणि भोंगा झाला की पायीच गिरणी गाठायचा. 1982च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, त्यांच्या जागी कचेऱ्यांचे मनोरे आले आणि कल्याण-विरारकडून रोज इथे उतरणाऱ्या नोकरदारांची रीघ लागली. वस्तीचे रूप पालटले, पण पूल आणि जिने जुन्याच मापाचे राहिले.

29 सप्टेंबर 2017च्या सकाळी दोन्ही स्थानकांना जोडणाऱ्या पुलाच्या जिन्यावर चेंगराचेंगरी झाली आणि 23 माणसे गेली. पाऊस थांबण्याची वाट पाहत लोक पुलावर उभे होते आणि खालून लोकलगणिक नवी माणसे चढत होती. म्हणूनच जुन्या स्थानकाची फेररचना दर्शनी भागापासून नव्हे, जिन्यापासून सुरू व्हावी, असे मला ठामपणे वाटते. बारा डब्यांची लोकल बघता बघता रिकामी होते आणि काही मिनिटांत पुढची येते. तेवढ्या वेळात आधीची माणसे फलाटावरून थेट रस्त्यापर्यंत पोचतात का, हे आधी मोजावे. रंग, दिवे, कमानी त्यानंतर.

मुंबईत जागाच नाही, असे यावर सांगितले जाते. अडचण खरी आहे. तरीही दुर्घटनेनंतर लष्कराच्या अभियंत्यांनी इथला नवा पादचारी पूल उभारला आणि 27 फेब्रुवारी 2018 रोजी तो खुलाही झाला. इतकी वर्षे अडले होते ते केवळ जागेपायी नव्हे. नवा पूल गर्दी फक्त पुढे ढकलतो, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. रुंद जिना अरुंद पदपथावर उतरला, तर कोंडी रस्त्यावर होणारच. म्हणून रेल्वेची हद्द संपते तिथे आराखडा संपता कामा नये. पदपथ, बसथांबा आणि फेरीवाल्यांसाठी आखलेली जागा महापालिकेसह एकाच नकाशावर यायला हवी. कचेऱ्यांच्या वेळा बदलाव्यात, हाही चांगलाच उपाय. पण इथल्या केईएम, टाटा, वाडिया या रुग्णालयांत येणाऱ्यांना वेळ निवडता येत नाही.

परळचा विचार करताना मला हे रुग्णच सर्वांत महत्त्वाचे वाटतात. नूतनीकरण झालेल्या परळ स्थानकाचे उद्घाटन 22 मे 2025 रोजी झाले. त्या कामाचा कस राज्याच्या कानाकोपऱ्यातून फाइल आणि पिशवी सांभाळत आलेल्या माणसापाशी लागेल: उतरल्यावर त्याला रुग्णालयाची दिशा मराठीत ठळक दिसते का, चालू असलेली लिफ्ट सापडते का, आणि दोन मिनिटे टेकायला बाक मिळतो का.