घराचा नकाशा आणि सज्जातला माणूस
इमारत आणि चित्र : लेखांक 6

मागच्या आठवड्यात आपण भोपाळच्या भारत भवनापाशी थांबलो होतो. चार्ल्स कोरिया यांनी तलावाकाठच्या उतारात उतरत जाणारी ती वास्तू रचली. 13 फेब्रुवारी 1982 रोजी ती खुली झाली आणि जगदीश स्वामिनाथन यांनी तिथल्या ‘रूपंकर’ संग्रहालयात आदिवासी चित्रकारांना शहरी चित्रकारांच्या बरोबरीने जागा दिली. आपल्या उकवा गावाच्या शेजारचाच मंडल्याचा मुलूख; तिथल्या पाटणगढचे (आता दिंडोरी जिल्हा) जनगढसिंह श्याम या भिंतींवरूनच जगाला माहीत झाले. नवी इमारत कुणाकुणाला सामावून घेऊ शकते, हे त्यातून दिसलं. आज तोच प्रश्न आणखी पुढे नेऊ. पुरुषावर प्रेम करणाऱ्या पुरुषाला किंवा स्त्रीवर प्रेम करणाऱ्या स्त्रीला आधुनिक वास्तूत जागा कुठे होती?

आधुनिक वास्तुकलेने विसाव्या शतकात मोठं काम केलं. काँक्रीट आणि काच वापरून तिने हवेशीर घरं दिली, दिखाऊ नक्षी दूर केली. पण त्याचबरोबर तिने एक ‘प्रमाण माणूस’ गृहीत धरला. वास्तुरचनाकार ल कॉर्ब्युझिए यांच्या ‘मॉड्युलॉर’ या मापनपद्धतीत त्या माणसाची उंची 1.83 मीटर ठरली आणि हात वर केल्यावर 2.26 मीटर. त्यांनी रचलेल्या चंडीगडच्या इमारतींनाही हीच मापं लागली. जसा प्रमाण माणूस, तसंच प्रमाण कुटुंब: नवरा, बायको, मुलं. दिवाणखाना, स्वयंपाकघर, निजायची खोली ही वाटणी त्या कुटुंबासाठीच होती. महानगरातला फ्लॅट असो की मँगनीजच्या खाणीवर जगणाऱ्या उकव्यातलं घर, हे गृहीतक सगळीकडे सारखंच. दोन पुरुषांचा संसार कुठल्याच नकाशात नव्हता.

हे गृहीतक चित्रातून उघडपणे हलवलं भूपेन खक्कर यांनी. त्यांचा जन्म 1934 चा, मुंबईचा. शिक्षणाने ते चार्टर्ड अकाउंटंट. 1962 मध्ये ते बडोद्याला गेले आणि तिथे अनेक वर्षं हिशेबाची नोकरी सांभाळून चित्रं काढत राहिले. न्हावी, घड्याळ दुरुस्त करणारा, शिंपी अशी साधी माणसं त्यांनी रंगवली. स्वतःचं मन मात्र बराच काळ झाकून ठेवलं. 1979 मध्ये ते इंग्लंडला गेले आणि चित्रकार मित्र हॉवर्ड हॉजकिन यांच्याकडे राहिले. दोन पुरुष एकत्र, उजळ माथ्याने राहू शकतात, हे त्यांनी तिथे पाहिलं. परतल्यावर, आईच्या निधनानंतर, त्यांनी आपलं समलैंगिक असणं चित्रात आणलं.

1981 च्या ‘यू कान्ट प्लीज ऑल’ या चित्रात एक नग्न पुरुष सज्जात उभा आहे. त्याची पाठ आपल्याकडे आहे आणि नजर खालच्या गावावर. खाली बाप, मुलगा आणि गाढव यांची, आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली गोष्ट घडते आहे. लोकांचं ऐकून बापलेक कधी गाढवावर बसतात, कधी गाढवालाच खांद्यावर घेतात, आणि शेवटी गाढवही हातचं जातं. सज्जातला माणूस हे शांतपणे बघतो आहे. लोकांना खूश ठेवण्याचा खटाटोप त्याने सोडला आहे.

खक्करांनी या माणसाला सज्जातच का उभं केलं? सज्जा घराचाही आणि रस्त्याचाही. तिथला माणूस आत असूनही दिसतो. खोलीत लपावं लागतं आणि रस्त्यावर लोक जगू देत नाहीत, तेव्हा उरते ती ही मधली जागा. त्याच सुमारास मुंबईत कोरियांची ‘कांचनजंगा’ ही 28 मजली इमारत पुरी होत होती. प्रत्येक घराच्या कोपऱ्याला त्यांनी दुमजली उंचीची, झाडं लावता येतील अशी गच्ची दिली. जुन्या बंगल्याचा व्हरांडा त्यांनी आकाशात नेला. कोरियांचा विचार ऊन, पाऊस, वारा यांचा होता आणि खक्करांचा माणसाच्या मोकळेपणाचा. दोघांनी एकमेकांना उत्तर दिलं असं मी म्हणत नाही. पण बंद खोक्यात माणूस पुरता मावत नाही, हे दोघांनाही कळलं होतं. मराठीतही विजय तेंडुलकरांचं, स्त्रीवर प्रेम करणाऱ्या नायिकेचं ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक याच काळातलं.

पुढे हॉजकिन आणि कोरिया प्रत्यक्ष एकत्र आले. दिल्लीच्या कस्तुरबा गांधी मार्गावरची ब्रिटिश कौन्सिलची इमारत कोरियांची. 1992 मध्ये तिच्या दर्शनी भिंतीवर हॉजकिन यांनी काळ्या कडप्प्यातून आणि पांढऱ्या मकराना संगमरवरातून एका विशाल वृक्षाची छाया पसरवली. त्या भित्तिचित्राचा विषय समलैंगिकता नव्हे, आणि चित्रकाराच्या प्रत्येक रेषेत त्याचं खासगी आयुष्य शोधूही नये. पण मध्यम वयात संसारातून बाहेर पडून स्वतःचं खरं आयुष्य स्वीकारलेल्या माणसाला एका सार्वजनिक वास्तूचा चेहरा घडवायला मिळाला, ही गोष्ट लहान नाही.

याहून थेट उत्तर बर्लिनमध्ये आहे. ज्यूंच्या संहाराच्या स्मरणार्थ पीटर आयझेनमन यांनी 2005 मध्ये 2,711 काँक्रीटचे ठोकळे उभे केले. त्यांच्या समोरच्या बागेत 2008 मध्ये मायकेल एल्मग्रीन आणि इंगार ड्रॅगसेट या कलावंत जोडीने तसाच एक ठोकळा ठेवला, नाझींनी छळलेल्या समलैंगिकांसाठी. त्याला एक लहान खिडकी आहे. आत डोकावलं की चुंबन घेणाऱ्या जोडप्याची चित्रफीत दिसते. आधुनिक वास्तुकलेचा निर्विकार घन त्यांनी तसाच ठेवला आणि त्यात प्रेमाला जागा केली.

सज्जा असो, भिंत असो की खिडकी, या कलावंतांनी इमारत पाडली नाही. तिने वगळलेल्या माणसाला त्यांनी तिच्या कडेला उभं केलं. पण कडेची जागा म्हणजे घर नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 रोजी प्रौढांच्या संमतीच्या समलैंगिक संबंधांना गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढलं. 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालाने मात्र विवाहाचा हक्क दिला नाही. आज अशा दोघांना भाड्याने घर मिळवायचं तर अनेकदा नातं लपवावं लागतं. नकाशा बदलणं वास्तुरचनाकाराच्या हाती आहे, पण दार उघडणं घरमालकाच्या, शेजाऱ्याच्या, आईबापांच्या हाती आहे. आपल्या गावात, आपल्या घरात असं कुणी असेल, तर त्याला सज्जात ताटकळत ठेवू नका. आत बोलवा.

पुढील लेखांकात : जनगढसिंह श्याम आणि भोपाळचं विधान भवन.