अश्वशक्तीचा आंकडा आणि मोटारीची परीक्षा

दूरचित्रवाणीच्या पडद्यावर मोटारींच्या पुनर्बांधणीच्या स्पर्धा आज पुष्कळ घरांतून आवडीनें पाहिल्या जातात. पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वीची एखादी अमेरिकन गाडी, गंजलेली, रंग उडालेली, कारखान्यांत आणली जाते. तिचा एकेक अवयव सुटा होतो. आणि अखेर तीच गाडी आरशासारखी लखलखत, गर्जना करीत बाहेर पडते. शेजारीं तशीच दुसरी गाडी उभी असते. या दोहोंत सरस कोणती, असा प्रश्न निघाला कीं बहुतेक प्रेक्षक अश्वशक्तीचा आंकडा पाहतात. एकीची आठशें, दुसरीची पांचशें. तेव्हां पहिलीच श्रेष्ठ, असा निकाल तत्काळ दिला जातो. हा निकाल सोपा आहे, परंतु तो अनेकदां चुकीचा ठरतो. तो कां चुकतो, हें समजण्यास या गाड्यांचा इतिहास थोडा पाहिला पाहिजे.

ज्या गाड्यांना अमेरिकेंत 'मसल कार' म्हणतात, त्यांचा जन्म एका युक्तींतून झाला. मसल म्हणजे स्नायु. दंड-मांड्या कमावलेल्या पहिलवानासारखी गाडी, असा त्या नांवाचा भाव. जनरल मोटर्स कंपनीचा एक अंतर्गत नियम असा होता कीं, मध्यम आकाराच्या गाडींत ३३० घन इंचांहून मोठें इंजिन बसवूं नये. तिच्या पाँटिअ‍ॅक विभागाचे मुख्य अभियंते जॉन डिलोरियन व त्यांचे सहकारी यांनीं १९६४ सालच्या टेंपेस्ट गाडीला ३८९ घन इंचांचें, म्हणजे सुमारें ६.४ लिटरचें, इंजिन देऊं केलें. मात्र तें गाडीचा मूळ भाग म्हणून नव्हे, तर गिऱ्हाइकानें जादा पैसे भरून मागावयाची बाब म्हणून. नियमाचें अक्षर राहिलें, आणि जी.टी.ओ. ही गाडी रस्त्यावर आली. त्याच वर्षीं एप्रिलमध्यें फोर्डची मस्टँग आली. १९६७ च्या मोसमाकरितां शेव्हरोलेची कॅमॅरो आली. या दोन्ही गाड्या आकारानें लहान. पण मोठें इंजिन बसलें कीं त्याही याच पंक्तींत बसूं लागल्या. तरुणांना परवडेल अशी बेताची किंमत, आणि त्यांत न शोभेल असें अवाढव्य इंजिन, हें या साऱ्या कुळाचें लक्षण होय.

इंजिन वाढलें, पण बाकीची गाडी फारशी बदलली नाहीं. १९६९ सालची कॅमॅरो घेतली, तर तिच्या चारही चाकांना ढोलाचे, म्हणजे ड्रम पद्धतीचे, ब्रेक हीच मूळ योजना होती. पुढच्या चाकांना चकतीचे ब्रेक हवे असल्यास जादा पैसे पडत. मागचा आंस अखंड दांड्याचा, आणि त्याखालीं टांग्याला असतात तशा पोलादी पट्ट्यांच्या कमानी. सरळ रस्त्यावर ही गाडी बाणासारखी सुटे. वळणावर आणि थांबतांना मात्र चालकाची परीक्षा होई.

आतां अश्वशक्तीच्या आंकड्याकडे वळूं या. एका मिनिटांत ३३,००० पौंड वजन एक फूट उचलण्याइतकें काम म्हणजे एक अश्वशक्ति, हें माप जेम्स वॅटच्या काळापासून चालत आलें आहे. माप पक्कें असलें, तरी मोजण्याची रीत पक्की नव्हती. १९७१ पर्यंत अमेरिकन कंपन्या जाहिरातींत जी शक्ति छापीत, ती 'ढोबळ' शक्ति असे. इंजिन गाडीबाहेर काढून चौथऱ्यावर बसवावयाचें. हवेची गाळणी नाहीं, धूर बाहेर जाण्यास मोकळी वाट, पंखा व विजेचें जनित्र यांचा भार नाहीं. अशा स्थितींत जें भरेल तें लिहावयाचें. १९७२ पासून 'निव्वळ' शक्ति छापण्याची पद्धति रूढ झाली. हींत इंजिन गाडींत असतें तशा साऱ्या सामग्रीसह मोजलें जातें. या दोहोंतील अंतर किती असावें? १९७१ सालच्या शेव्हरोले कॉर्व्हेटमधील एलटी-१ हें ५.७ लिटरचें इंजिन ढोबळ मापानें ३३० अश्वशक्तीचें होतें, आणि निव्वळ मापानें २७५ चें. इंजिन तेंच, वर्ष तेंच. आंकड्यांत पंचावन्नाचा फरक. यावरून ध्यानांत येईल कीं, मोजण्याची रीत सांगितल्यावांचून सांगितलेली अश्वशक्ति म्हणजे प्रश्नपत्रिका न दाखवितां सांगितलेले गुण होत.

या गाड्यांचा बहर फार काळ टिकला नाहीं. तरुण चालकांच्या विम्याचे दर भडकले. १९७० सालच्या स्वच्छ हवेच्या कायद्यानें धुरावर बंधनें आणलीं. आणि ऑक्टोबर १९७३ मध्यें अरब राष्ट्रांनीं तेल रोखलें, तेव्हां पेट्रोल पिणाऱ्या या पहिलवानांचा खुराकच महाग झाला. पुष्कळ गाड्या भंगारांत गेल्या. ज्या उरल्या, त्यांवर पुढच्या पिढीच्या कारागिरांनीं हात चालविला. १९९० नंतर त्यांच्यांत एक निराळी दृष्टि आली. रूप जुनें ठेवावें, पण गाडी वळावी आणि थांबावी ती आजच्या उत्तम गाडीसारखी, अशी ही दृष्टि. तिला 'प्रो-टूरिंग' म्हणतात. जनरल मोटर्समधील अभियंते मार्क स्टिलो यांच्या कॅमॅरो गाड्यांमुळें तिला मोठा मान मिळाला.

हा विचार कां महत्त्वाचा, हें ब्रेकच्या एका साध्या हिशेबावरून कळतें. दीड टन वजनाची गाडी ताशी १०० किलोमीटर वेगानें जात असेल, तर ती थांबवितांना तिच्या गतींतील सारी शक्ति उष्णतेंत बदलावी लागते. ती उष्णता सुमारें दोन लिटर साधें पाणी उकळण्याच्या बिंदूपर्यंत नेण्यास पुरेल एवढी असते, आणि ती कांहीं सेकंदांत निर्माण होते. वेग दुप्पट झाला कीं उष्णता दुप्पट नव्हे, चौपट होते. म्हणजे ताशी २०० किलोमीटरला आठ लिटर पाणी. ढोलाच्या ब्रेकमध्यें ही उष्णता आंतच कोंडते, आणि लागोपाठ दोन-तीनदां ब्रेक दाबल्यावर तो धरेनासा होतो. चकती उघडी असते, तिला वारा लागतो. म्हणून इंजिनाची शक्ति वाढवून ब्रेक जुनेच ठेवणारा कारागीर केवळ अपुरें काम करीत नाहीं. तो चालकाचा आणि रस्त्यावरच्या परक्या माणसाचाही जीव टांगणीस लावतो.

टायरचीही गोष्ट अशीच आहे. गाडीचें सारें सामर्थ्य शेवटीं रस्त्यास टेकलेल्या चार लहानशा पट्ट्यांतून जातें. त्यांची पकड संपली कीं उरलेली शक्ति चाकें जागच्या जागीं फिरविण्यांत जाते. पडद्यावर ज्या धुराच्या लोटांना टाळ्या पडतात, तो धूर म्हणजे वायां गेलेलें सामर्थ्य होय. शिवाय लोखंडी इंजिन जितकें मोठें, तितकें गाडीचें नाक जड. आणि जड नाकाची गाडी वळण सोडून सरळ जाऊं पाहते. १९९७ सालच्या कॉर्व्हेटबरोबर आलेलें एलएस१ इंजिन या कारागिरांना म्हणूनच प्रिय झालें. तें वर सांगितलेल्या इंजिनाप्रमाणेंच ५.७ लिटरचें, परंतु ॲल्युमिनियमचें, म्हणून हलकें, आणि निव्वळ मापानेंच ३४५ अश्वशक्तीचें.

मग अशा गाड्यांची न्याय्य तुलना कशी करावी? याचें एक चांगलें उत्तर 'ऑप्टिमा अल्टिमेट स्ट्रीट कार' या स्पर्धेनें दिलें. ही स्पर्धा अमेरिकेंतील नेवाडा राज्यांत २००८ सालीं सुरू झाली व पुढें दूरचित्रवाणीवरही दाखविण्यांत आली. तिच्यांत गाडीला एक नव्हे, पांच विषय असतात. पहिला विषय रचना आणि अभियांत्रिकी: परीक्षक गाडीखालीं वांकून जोडकाम पाहतात, आणि ती रोजच्या रस्त्यास योग्य आहे कीं केवळ शोभेची, हें ठरवितात. दुसरा, सार्वजनिक रस्त्यावरचा प्रवास: गाडीनें वाटेंत न तापतां, न बंद पडतां मुक्काम गांठला पाहिजे. तिसरा, शंकू मांडून आंखलेल्या नागमोडी वाटेवरून चपळाईनें जाणें. चौथा, वेगानें धांवत येऊन आंखलेल्या चौकटीच्या आंत थांबणें. पांचवा, शर्यतीच्या मार्गावर घड्याळ लावून एक फेरी पुरी करणें. टायरवरही निर्बंध असतो. लवकर झिजणारे, केवळ शर्यतीचे मऊ टायर चालत नाहींत.

उदाहरणादाखल १९६९ च्या दोन कॅमॅरो कल्पाव्या. एकींत लोखंडी, अवजड, आठशें अश्वशक्तीचें इंजिन. दुसरींत हलकें, पांचशेंचें, पण ब्रेक मोठे, कमानींच्या जागीं नवी रचना, आणि पाणी थंड ठेवण्याची सोय चोख. सरळ पाव मैलाच्या शर्यतींत पहिली जिंकण्याचा संभव मोठा. परंतु नागमोडी वाटेवर तिचें नाक तिला ओढील, चौकटींत थांबतांना तिचा ब्रेक तापेल, आणि लांबच्या प्रवासांत तिचें पाणी उकळण्याची धास्ती राहील. एका विषयांत शंभर गुण मिळवून चारांत नापास होणारा विद्यार्थी वरच्या वर्गांत जात नाहीं. दुसरी गाडी प्रत्येक विषयांत पंचाहत्तर मिळवून पुढें जाते.

दूरचित्रवाणीची एक मर्यादा मात्र ओळखली पाहिजे. आवाज, धूर आणि रंग हीं पडद्यावर उठून दिसतात. जोडकामाची शीव, पाण्याच्या नळीची मांडणी, ब्रेकचें तपमान हीं दिसत नाहींत. २००४ सालीं सुरू झालेल्या 'ओव्हरहॉलिन' या कार्यक्रमांत चिप फूझ व त्यांचे कारागीर आठवड्याभरांत गाडीचा कायापालट करीत. पाहण्यास तें रोमांचक खरें. पण त्या सात दिवसांमागें अनेक कुशल हात आणि आधींच जमविलेली सामग्री असते. एकट्या हौशी माणसास तें काम कित्येकदां वर्षांनुवर्षें पुरतें, आणि कापलेला मूळ सांगाडा पुन्हां पूर्ववत् होत नाहीं, हेंही विसरतां कामा नये.

आपल्याकडील तरुणांस हे कार्यक्रम पाहून तसेंच कांहीं करण्याची इच्छा झाली, तर कायदा आधीं पाहिलेला बरा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ अन्वयें, कांहीं अपवाद वगळतां, निर्मात्यानें मूळ दिलेल्या तपशिलाशीं नोंदणीपत्र जुळणार नाहीं असा फेरफार मालकास करतां येत नाहीं. २०१९ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंही हेंच स्पष्ट केलें.

कार्यक्रम पाहण्याचा आनंद यानें उणा होण्याचें कारण नाहीं. उलट तो वाढावा. दोन गाड्या समोर आल्या म्हणजे प्रेक्षकांनीं आंकडा ऐकून घ्यावा, आणि मग तो कोणत्या रीतीनें मोजला, गाडीचें वजन किती, टायर कोणते, ब्रेक कसे आणि ती दूरवर न थांबतां जाईल काय, हे प्रश्न विचारावे. ज्या कारागिरानें या प्रश्नांचीं उत्तरें गाडीच्या अंगांत बसविलीं असतील, त्याची गर्जना थोडी कमी असली तरी निकाल त्याच्या बाजूनें देण्यास हरकत नाहीं.