फटीतला उजेड : हत्याराची भेट आणि तिच्याभोवतीचे गैरसमज

शिवणाची चांगली कात्री मिटून, आडवी करून ट्यूबलाइटसमोर धरली की दोन पात्यांच्या मधून उजेडाची बारीक रेघ दिसते. स्क्रूपाशी पाती टेकलेली, टोकाला टेकलेली आणि मधे केसाएवढी फट. वाढदिवसाची भेट म्हणून कात्री निवडणारं गिऱ्हाईक नेमकी ही रेघ बघतं, ‘माल वाकडा आहे’ म्हणतं आणि कात्री परत ठेवतं. मग पाती एकमेकांना सपाट चिकटलेली दुसरी कात्री उचलतं. चांगली कात्री दुकानातच राहते आणि वाईट कात्रीला रंगीत कागद चढतो.

ती फट मुद्दाम ठेवलेली असते. कारागीर दोन्ही पात्यांना धनुष्यासारखा अगदी थोडा बाक देतो. कात्री मिटत जाते तशी पाती कोणत्याही क्षणी एकाच बिंदूवर भेटतात, आणि हा बिंदू स्क्रूपासून टोकाकडे सरकत जातो. कापड कापलं जातं ते या सरकत्या बिंदूवर. बाक नसेल तर पाती एकमेकांवर नुसती घासतात आणि जॉर्जेटसारखं निसरडं कापड कापलं न जाता मधे दुमडून अडकतं. म्हणून दुकानात पारख करायची तर कात्री सावकाश मिटावी. अंगठ्याला सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच दाब जाणवला पाहिजे, मधेच खरखर किंवा ढिलेपणा नको. नंतर पातळ कापडाची एकेरी घडी फक्त टोकाने कापून बघावी. टोकाने स्वच्छ कापते ती कात्री घ्यावी.

हे सगळं सुरतेच्या कोसाडमध्ये सांगण्यात अर्थ आहे, कारण तिथे हत्यार हे रोजच्या भाकरीचं साधन आहे. मुंबई-अहमदाबाद लोहमार्गावर सुरत सोडलं की उतराण आणि त्यापुढे कोसाड. तापीच्या उत्तरेचं हे गाव शहर वाढता वाढता सुरत महापालिकेत आलं, आणि गोरगरिबांसाठी बांधलेल्या ‘कोसाड आवास’च्या इमारतींनी त्याचं रूप पालटलं. अमरोलीचा पूल ओलांडला की कतारगाम आणि तिथले हिऱ्यांचे कारखाने. आजूबाजूला यंत्रमाग. घराघरांत बाया बाजारातून आलेल्या साड्यांना लेस लावतात, टिकल्या चिकटवतात, भरतकामामागे लोंबणारे धागे कापतात, आणि मजुरी नगावर मिळते. खानदेशातून ताप्ती लाइनच्या गाडीने सुरतेला आलेली मराठी कुटुंबं लिंबायत, उधना, डिंडोलीत जास्त राहतात, पण त्यांचं हाताचं काम थोड्याफार फरकाने हेच. तिथे बोलण्यात पाना आणि पक्कड मराठीसारखेच आहेत, पण स्क्रू ड्रायव्हरला सगळं सुरत ‘डिसमिस’ म्हणतं, आणि मराठी घरांतली मुलंही तोच शब्द वापरतात.

अशा घरात वाढदिवसाला हत्यार द्यायचं म्हटलं की पहिली अडचण येते ती श्रद्धेची. ‘कात्री-सुरी भेट दिली की नातं तुटतं.’ मराठी घरांत कात्री हातात देत नाहीत. खाली ठेवतात आणि समोरच्याने ती उचलायची असते, नाहीतर भांडण होतं म्हणतात. हा समज फक्त आपला नाही. इंग्लंड-जर्मनीतही सुरी भेट मिळाली तर उलट एक नाणं देतात, म्हणजे ती विकत घेतल्यासारखी होते. धारदार वस्तू हातोहात देताना बोट कापू नये, एवढं शहाणपण या रिवाजात नक्की आहे. पण हत्यारच अशुभ, असं मराठी परंपरा कुठेही म्हणत नाही. खंडेनवमीला आपण करतो काय? वर्षभर राबलेली हत्यारं धुऊनपुसून मांडतो, त्यांना हळदकुंकू वाहतो, फूल ठेवतो आणि त्या दिवशी त्यांना विश्रांती देतो. ज्याची पूजा होते ती वस्तू औक्षणाच्या ताटाशेजारी ठेवायला हरकत कसली? मन मानत नसेल तर एक रुपया घ्यावा आणि कात्री द्यावी.

दुसरा समज आकड्यांचा आहे. ‘जास्त मोठं दिसेल ते भिंग चांगलं.’ हिऱ्याच्या कारखान्यात नुकत्याच लागलेल्या मुलाला भेट म्हणून आय ग्लास, म्हणजे डोळ्याला लावायचं भिंग, घ्यायला जाणारे नातेवाईक ३० पटीची मागतात, कारण १० पेक्षा ३० मोठे. प्रत्यक्षात हिऱ्याची शुद्धता जगभर १० पटीच्या भिंगाखाली ठरते. सराईत माणसाला १० पटीत आतला दोष दिसला नाही, तर हिरा आतून निर्दोष ठरतो. त्याहून मोठं करून काही सापडलं तरी प्रतवारीत ते धरत नाहीत. शिवाय भिंगाचा एक साधा हिशोब आहे. माणसाच्या डोळ्याचं स्पष्ट दिसण्याचं अंतर २५० मिलिमीटर धरतात आणि त्याला पटीने भागतात. १० पटीच्या भिंगापासून हिरा २५ मिलिमीटरवर, म्हणजे सुमारे इंचभर अंतरावर धरायचा. ३० पटीला हेच अंतर जेमतेम ८ मिलिमीटर उरतं. हिरा भिंगाला चिकटल्यासारखा होतो, उजेड आत शिरत नाही, एका वेळी दिसणारा भाग इवलासा, आणि हात जराही हलला की चित्र पुसट. त्यातून रस्त्यावर मिळणाऱ्या स्वस्त भिंगांवर छापलेली ‘३० पट’ बहुधा खरीही नसते.

चांगल्या आय ग्लासमध्ये एक काच नसते, तीन काचा एकत्र जोडलेल्या असतात. एकेरी काच पांढऱ्या उजेडाचे रंग फोडते आणि कडेच्या रेघा वाकवते. तीन काचा मिळून हे दोन्ही दोष दुरुस्त करतात. याची परीक्षा घ्यायला हिरा लागत नाही, शाळेच्या वहीतला आलेखाचा कागद पुरतो. भिंग डोळ्याला लावायचं, कागद इंचभर अंतरावर आणायचा आणि चौकटी बघायच्या. मधल्या चौकटी सगळ्याच भिंगांत सरळ दिसतात, म्हणून नजर कडेला न्यायची. तिथेही रेघ सरळ असेल आणि तिला निळी-नारिंगी किनार नसेल, तर भिंग घ्यावं. चौकट काळी किंवा पोलादी रंगाची असावी. सोनेरी चौकट भेट म्हणून खुलून दिसते, पण तिचा पिवळा उजेड हिऱ्यात उतरतो आणि रंगाची पारख चुकवतो. भिंग धरायचीही एक रीत आहे. नवशिका भिंग दूर धरतो आणि एक डोळा मिटतो. जाणता माणूस भिंग डोळ्याजवळ आणतो, हात गालाला टेकवतो, दोन्ही डोळे उघडे ठेवतो आणि हिरा भिंगाकडे आणतो. भेट देताना एवढं दाखवून दिलं, तर ती भेट पहिल्या दिवसापासून कामाला लागते.

आता जो गैरसमज जिवावर बेतू शकतो, त्याकडे. ‘पक्कडीच्या मुठीला रबर आहे, म्हणजे शॉक लागणार नाही.’ वायरमनचं काम शिकणाऱ्या भावाला किंवा भाच्याला पक्कड देणाऱ्यांनी हे लक्षपूर्वक वाचावं. साध्या पक्कडीवरचं लाल, पिवळं किंवा निळं आवरण हात घसरू नये म्हणून असतं. चालू विजेपासून बचाव करील असं वचन ते देत नाही. जी हत्यारं खरोखर चालू लाइनवर वापरण्यासाठी बनतात, ती आयईसी ६०९०० या आंतरराष्ट्रीय मानकानुसार होतात. त्यांवर दोन त्रिकोणांची खूण आणि ‘१००० व्ही’ हा आकडा असतो. असं प्रत्येक हत्यार कारखान्यातून बाहेर पडण्याआधी १०,००० व्होल्टवर तपासतात. आपल्या घरात २३० व्होल्ट असतात, मागाच्या शेडमध्ये थ्री-फेज ४१५. तपासणी आणि वापर यांत एवढं अंतर ठेवलेलं असतं ते माणूस जिवंत राहावा म्हणून. खूण नसेल तर मूठ कितीही जाड असो, ती साधीच पक्कड समजावी. खूण असली तरी आवरणाला चीर गेली, ते वितळलं किंवा आतलं लोखंड दिसू लागलं की त्या हत्याराला चालू लाइनवर नेऊ नये. आणि या सगळ्याच्या आधी मेन स्विच बंद करावा. चांगली पक्कड असणं हे स्विच चालू ठेवण्याचं कारण होऊ शकत नाही.

पान्यांवर ‘क्रोम व्हॅनेडियम’ असं ठसठशीत कोरलेलं असतं आणि त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला जातो. ही पोलादाची एक जात आहे, एवढंच. त्यात क्रोमियम साधारण १ टक्का आणि व्हॅनेडियम त्याहूनही कितीतरी कमी. गंज न लागणाऱ्या स्टेनलेस पोलादात क्रोमियम किमान साडेदहा टक्के लागतं, म्हणून क्रोम व्हॅनेडियमचा पाना वरचा मुलामा निघाला की सुरतेच्या पावसाळ्यात गंजणारच. आणि पोलादाची जात चांगली असली तरी त्याला पाणी नीट दिलेलं नसेल, तर पान्याचा जबडा पसरतो. पाणी देणं म्हणजे पोलाद लालबुंद तापवून तेलात किंवा पाण्यात झटकन विझवायचं आणि मग पुन्हा बेताने तापवून त्याचा ठिसूळपणा काढायचा. इथेच ‘जितकं कडक तितकं चांगलं’ हा समजही कोसळतो. नुसतं कडक पोलाद काचेसारखं तडकतं. म्हणून हातोड्यावर हातोडा कधीही मारू नये, कपची उडून डोळ्यात जाते.

शंभर नगांच्या चकचकीत पेटीबद्दल फार बोलायला नको. त्यातले साठ-सत्तर नग म्हणजे डिसमिसची बदलती टोकं असतात. दोन चांगली डिसमिस त्या पेटीहून जास्त वर्षं चालतात, फक्त सगळी चौफुली टोकं एकच नसतात हे ठाऊक हवं. आकारांना क्रमांक असतात, आणि घरातल्या बहुतेक चौफुली स्क्रूंना २ क्रमांकाचं टोक बसतं. लहान टोकाने मोठा स्क्रू फिरवला की खाच गोल होते आणि दोष स्क्रूला मिळतो.

‘परदेशी तेच टिकाऊ’ हा समज मात्र नावं घेऊन तपासावा लागतो. जर्मनीतल्या सोलिंगेनचं नाव सुरी-कात्रीसाठी प्रसिद्ध आहे, आणि ते इतकं मोलाचं आहे की १९३८ मध्ये त्याच्या रक्षणासाठी तिथे स्वतंत्र कायदा झाला. त्या परिसरात घडलेल्या मालालाच ते नाव लावता येतं. पण खोक्यावरची ‘जर्मन टेक्नॉलॉजी’ ही अक्षरं कोणीही छापू शकतो. इकडे नाशिकच्या सातपुरात टपारिया टूल्सचा कारखाना आहे. या कंपनीने १९६९ मध्ये स्वीडनच्या तांत्रिक सहकार्याने हत्यारं बनवायला सुरुवात केली, आणि आज देशभरातल्या गॅरेजांत तिचे पाने-पक्कडी दिसतात. मेरठच्या कात्रीला २०१३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिची पाती मोडीत निघालेल्या गाड्यांच्या पोलादातून घडतात, धार गेली की पुन्हा लावता येते, आणि आजोबांनी घेतलेली कात्री नातू वापरतो अशी तिची ख्याती आहे.

हत्यार ही ‘पुरुषांना द्यायची’ भेट, हा समज कोसाडच्या कोणत्याही गल्लीत दुपारी एक चक्कर मारली तरी टिकत नाही. दारात बसून दिवसाला शेकडो धागे कापणाऱ्या बाईचा अंगठा आणि मनगट ज्या हत्यारावर अवलंबून आहे, ते तिच्या घरातलं सगळ्यात दुर्लक्षित हत्यार असतं. तिला मोठी कात्री नको. बोट न घालता मुठीत दाबायची, आपोआप उघडणारी धागा-कात्री हवी. शिवण करणारीला लांब पात्याची हवी, जिची खालची बाजू टेबलावर टेकून सरकते. आणि ती डावरी असेल तर खऱ्या डावऱ्या हाताची. साधारण दहात एक माणूस डावरा असतो. ‘दोन्ही हातांना चालते’ असं लिहिलेल्या कात्रीची बहुतेक वेळा फक्त मूठ बदललेली असते, पाती उजव्याच हाताची राहतात. डाव्या हाताने दाबलं की ती एकमेकांपासून दूर ढकलली जातात आणि कापड चावल्यासारखं होतं. खऱ्या डावऱ्या कात्रीत पात्यांचा वर-खाली क्रमच उलटा असतो, आरशात बघितल्यासारखा. डावऱ्या मुलीला आयुष्यात पहिल्यांदा अशी कात्री मिळते तेव्हा तिला कळतं, की आजवर वाकडं कापलं जात होतं त्यात तिच्या हाताचा दोष नव्हता.

भेटीसोबत दोन गोष्टी सांगून ठेवाव्यात. कापडाच्या कात्रीने कागद कापायचा नाही, कारण कागद गुळगुळीत व्हावा म्हणून त्यात खडू-मातीसारखी खनिजं घातलेली असतात आणि ती धार खातात. आणि धारवाला आला तर त्याने फक्त बाहेरची तिरपी कड घासायची, आतल्या बाजूला चाक लावू द्यायचं नाही. आतली बाजू घासली की तो बाक जातो. पात्यावर निळसर डाग उमटला तर पोलाद जास्त तापून तिथलं पाणी उतरलं असं समजावं.

राहिलं नाव घालणं. मराठी घरांत भेटीच्या भांड्यावर नाव आणि तारीख कोरायची रीत आहे, आणि भांड्यांच्या दुकानातलं ते थरथरणारं यंत्र हत्यारालाही चालतं, फक्त जागा बघून. पाणी दिलेल्या पात्यावर सुई घसरते आणि धारेजवळ ओरखडा उठला तर नुकसानच. आय ग्लास असेल तर तिच्या झाकणाची सपाट पत्री उत्तम. डिसमिसची मूठ प्लॅस्टिकची असेल तर तापवलेल्या सुईनेही अक्षरं उमटतात. पण विजेच्या कामाच्या, दोन त्रिकोणांच्या हत्याराचं आवरण कधीही कोरू नये, त्याच्या पिशवीवर नाव शिवावं. कात्रीवर नाव घालायचं ते मुठीच्या कडीवर, बाहेरच्या अंगाला. आतल्या अंगाला अंगठा लागतो आणि दोन-चार वर्षांत अक्षरं झिजून जातात.