कानांनी वाचलेलं पान

भिवंडीजवळच्या वळ गावात गोदामांच्या रांगाच रांगा आहेत. आत छतापर्यंत रचलेली खोकी आणि हातात स्कॅनर घेतलेला कामगार. खोक्यात साडी आहे की मिक्सर, हे स्कॅनरला कुठे कळतं? तो फक्त लेबल वाचतो. लेबल नसेल, तर समोरचं खोकंही हरवल्यात जमा!

अशा गोदामातला माल मोबाइलवरून मागवणारा माणूस अंध असेल, तर त्याच्या हातातली वेबसाइटही अगदी अशीच लेबलांवर चालते.

आपल्याला वाटतं, वेबसाइटचं पान म्हणजे रंगीत चित्र. पण मुळात तो चक्क लिहिलेला मजकूर असतो! हे शीर्षक, हा परिच्छेद, हे बटण, असं त्यात शब्दांत सांगितलेलं असतं. ब्राउझर त्यावरून पान रंगवतो आणि स्क्रीन रीडर नावाचं सॉफ्टवेअर तेच पान बोलून दाखवतं. म्हणजे अंधांसाठी निराळी वेबसाइट बनवावीच लागत नाही. लिखाण एकच; डोळ्यांना ते दिसतं, कानांना ऐकू येतं.

मग सगळं पान पहिल्यापासून ऐकत बसायचं का? मुळीच नाही! एनव्हीडीए या मोफत स्क्रीन रीडरमध्ये ‘एच’ दाबलं की आवाज थेट पुढच्या शीर्षकावर जातो, ‘बी’ दाबलं की पुढच्या बटणावर. पण शीर्षक नुसतंच मोठ्या, ठळक अक्षरांत लिहिलं आणि ते शीर्षक असल्याचं कोडमध्ये सांगितलंच नाही, तर ‘एच’ला ते सापडत नाही. बटणावर पिशवीचं चित्र आहे, पण त्याला नाव दिलेलं नाही, तर कानावर एवढंच पडतं: ‘बटण’. कसलं बटण? घेण्याचं की रद्द करण्याचं? एका शब्दावाचून खरेदी तिथेच अडते.

आपल्या मराठीची गंमत तर याहून भारी. कृती देवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये ‘कमल’ लिहिलं, की पडद्यावर कमल दिसतं, पण संगणकाच्या पोटात असतात ‘डी’, ‘ई’, ‘वाय’ ही इंग्रजी अक्षरं! डोळ्यांना सुरेख मराठी, कानांना निव्वळ गोंधळ. युनिकोडने प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक दिला. ‘क’चा क्रमांक २३२५, जगातल्या कुठल्याही यंत्रावर तोच. तेव्हा कुठे मराठी पान खरोखर मराठीत बोलू लागलं.

आणि या आवाजाच्या जोरावर माणसं कुठवर पोचली! टेड हेंटर हे अमेरिकेतले मोटारसायकल शर्यतपटू. १९७८च्या अपघातात त्यांची दृष्टी गेली. त्यांनी उभारलेल्या कंपनीतून १९८९मध्ये ‘जॉज’ हा स्क्रीन रीडर बाहेर पडला. पुढे आपल्याच ठाणे जिल्ह्यातल्या, उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांनी त्याच ‘जॉज’वर पुस्तकं ऐकत अभ्यास केला आणि यूपीएससी परीक्षेच्या २०१७मध्ये लागलेल्या निकालात देशात १२४वा क्रमांक मिळवला. लहानपणीच दृष्टी गमावलेल्या प्रांजल आयएएस अधिकारी झाल्या.

आता कायदाही सोबत आहे. बँकेच्या ऑनलाइन केवायसीत कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करायला सांगतात. ज्यांना ती करताच येत नाही, त्यांनी काय करायचं? ॲसिडहल्ला सोसलेल्या आणि अंध याचिकाकर्त्यांनी हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा घटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं सांगितलं.

वेबसाइट बनवणाऱ्यांनो, पान लोकांसमोर आणण्याआधी माउस बाजूला ठेवा, पडदा बंद करा आणि ते एकदा ऐका. आणि शाळेची, सोसायटीची किंवा ग्रामपंचायतीची सूचना ग्रुपवर टाकणाऱ्या प्रत्येकाला एक विनंती: कागदाचा नुसता फोटो पाठवू नका, खाली तोच मजकूर टाइपही करा.