भरल्या मशरूमला पाणी का सुटतं?

बटण मशरूमचं 200 ग्रॅमचं पाकीट आणलं, तर त्यातलं जवळजवळ 185 ग्रॅम निव्वळ पाणी असतं. मशरूमबद्दलचे बरेचसे गैरसमज हा एक आकडा विसरल्यामुळे झालेले आहेत. हौसेने बेक केलेले भरले मशरूम ताटात पाण्यात पोहताना दिसतात, तेही त्यामुळेच.

आपण मात्र दोष देतो धुण्याला. ‘मशरूम धुवायचे नाहीत, ते पाणी पितात, ओल्या फडक्याने पुसायचे’ हा सल्ला सगळीकडे ऐकू येतो. अमेरिकी लेखक हॅरॉल्ड मॅक्गी यांनी मशरूम पाच मिनिटं पाण्यात बुडवून ठेवले आणि आधी-नंतर वजन करून पाहिलं. वजन वाढलं ते अगदीच नगण्य. तेव्हा नळाखाली भराभर धुवा आणि लगेच टिपून घ्या, पण करायला घेण्याच्या आधीच. धुऊन फ्रिजमध्ये ठेवलेले मशरूम चिकट होतात.

कच्चा मशरूम खरोखर कशावर तुटून पडत असेल, तर तेलावर. त्याच्या आत हवेच्या बारीक पोकळ्या असतात. दोन चमचे तेलात टाकला की तेल दिसेनासं होतं आणि आपण आणखी ओततो. म्हणून देठ बारीक चिरून आधी कोरड्या तव्यावर टाका. पाणी सुटेल, मग आटेल, तव्यावरचा चुरचुर आवाज बदलेल. तेल घालायचं ते तेव्हा, आणि मग एक छोटा चमचा पुरतो. देठ फेकून देणाऱ्यांचं मला नवल वाटतं. सारणाची अर्धी चव तिथेच असते.

‘शेणात उगवतात’ म्हणून नाक मुरडणारेही आहेत. व्यापारी लागवडीत गव्हाचं काड, कोंबडीखत आणि जिप्सम कुजवून कंपोस्ट करतात, ते 58-60 अंशांच्या आसपास पाश्चराइझ करतात आणि त्यावर निर्जंतुक केलेल्या मातीसदृश मिश्रणाचा थर देतात. मशरूम वर येतो तो त्या थरातून. आणि तो मांसाहारी नाही, बुरशी आहे. त्याच्या पेशीभित्तिकेत खेकड्याच्या कवचातलं कायटिन असतं हे खरं, पण त्याचा उपयोग एवढाच की तासभर शिजवला तरी त्याचा लगदा होत नाही.

‘शाकाहाऱ्यांचं मटण’ ही पदवी मात्र काढून घ्यायला हवी. 100 ग्रॅम ताज्या मशरूममध्ये प्रथिनं जेमतेम 3 ग्रॅम, तेवढ्याच पनीरमध्ये 18च्या आसपास. जाहिरातीत दिसणारे मोठे आकडे सुकवलेल्या मशरूमचे असतात. ‘ड’ जीवनसत्त्वाचंही तसंच. अंधाऱ्या खोलीत वाढलेल्या मशरूममध्ये ते नावालाच असतं. चिरून दुपारच्या उन्हात पंधरा-वीस मिनिटं ठेवले तर बरंच वाढतं, कारण त्यातल्या एर्गोस्टेरॉलचं अतिनील किरणांनी ‘ड-2’ बनतं.

आता सर्वांत लाडका समज: ‘तळलेले नाहीत, बेक केलेत, म्हणजे हेल्दी.’ अख्ख्या पाकिटात 45च्या आसपास कॅलरी. प्रोसेस्ड चीजचा 25 ग्रॅमचा एक क्यूब त्यात गेला की त्या एकट्याच्या 75-80, शिवाय मीठ वेगळं. त्यावर बटर आणि मैद्याच्या पावाचा चुरा. ओव्हन बिचारा काय करणार! मी कुस्करलेलं पनीर, परतलेले देठ, लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि ज्वारीच्या लाह्यांचा चुरा घेते. लाह्या ओल शोषतात आणि वरून खरपूसही होतात. चीज हवंच असेल तर किसून चिमूटभर वर भुरभुरवा. आत घातलेलं चीज कॅलरी वाढवतं, दिसत मात्र नाही.

राहिलं ते पाणी. टोप्या मोठ्या निवडा, कारण भाजल्यावर त्या आक्रसतात. ट्रेवर जाळी ठेवून खळगा खाली करून मांडा आणि 200 अंशांवर दहा मिनिटं रिकाम्याच भाजा. मीठ आत्ता नको. ट्रेमध्ये चहाच्या रंगाचं पाणी साचेल, ते सुपात घाला. मग टोप्या उलट्या करून आतून टिपा, सारण शीग लावून भरा आणि पुन्हा दहा-बारा मिनिटं, वरचा भाग तांबूस होईपर्यंत.

हे सगळं विकतच्या मशरूमबद्दल. रानातून आणलेल्या छत्र्यांना ‘चांदीचं नाणं काळं पडलं नाही, म्हणजे बिनविषारी’ ही कसोटी लावू नका. ती साफ खोटी आहे, आणि सर्वांत घातक जातींचं विष शिजवूनही जात नाही.

‘मशरूम पुन्हा गरम करू नयेत’ या सल्ल्याला फ्रिज नसताना अर्थ होता. निवल्याबरोबर फ्रिजमध्ये ठेवलेले मशरूम दुसऱ्या दिवशी चांगले कढत करून खायला हरकत नाही. फक्त मायक्रोवेव्हऐवजी ओव्हनमध्ये किंवा झाकण न ठेवता तव्यावर गरम करा, नाहीतर लाह्या मऊ पडतात.